पाथरीहून पुढचे शिक्षण : महाविद्यालय निवडीची शंभर वर्षे

शाळा संपल्यावर कोणत्या महाविद्यालयात जायचे, हा परभणी जिल्ह्याच्या पाथरी तालुक्यातील विद्यार्थ्यापुढचा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत तीन वेगवेगळ्या गोष्टींनी सोडवला. आधी अंतर आणि भाषा यांनी, मग प्रदेशानुसार वाटलेल्या जागांनी, आणि आता गुणवत्ता यादी व पसंतीक्रम यांनी. प्रत्येक टप्प्यावर सर्वाधिक कसोटी लागली ती गुण चांगले, पण पहिल्या यादीत बसण्याइतके नसलेल्या मधल्या फळीतील विद्यार्थ्याची. शिक्षणसंस्था थोड्या असतात तेव्हा पहिला फटका याच फळीला बसतो.

1948 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला विज्ञान असो वा इतिहास, उर्दूतूनच शिकावे लागे. औरंगाबादला 1923 साली इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले, तरी पदवीसाठी हैदराबाद गाठणे भाग होते. पाथरीला रेल्वे नव्हती. मनमाड-हैदराबाद मार्गावरील मानवत रोड किंवा सेलू स्थानक गाठायचे, तेथून एका दिशेला औरंगाबाद आणि दुसऱ्या दिशेला हैदराबाद. गुणांपेक्षा वसतिगृहाचा खर्च पेलण्याची ऐपत आणि उर्दूची तयारी यांवरच निवड ठरे.

1938 च्या वंदे मातरम् चळवळीने या निवडीतील आणखी एक अडचण दाखवून दिली. औरंगाबादच्या महाविद्यालयात सुरू झालेले हे आंदोलन उस्मानियात पोहोचले आणि गीत म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. संस्थानातील विद्यार्थ्याला एक दार बंद झाले तर दुसरे संस्थानाबाहेरच शोधावे लागत होते.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर चित्र वेगाने बदलले. 1950 साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेने मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट खुली केली. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. 1956 साली औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि परभणीला कृषी महाविद्यालय सुरू झाले. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. परभणीच्या कृषी महाविद्यालयाभोवती 1972 साली स्वतंत्र कृषी विद्यापीठ उभे राहिले. शेतकरी घरातील, बेताच्या गुणांच्या मुलालाही जिल्ह्याच्या ठिकाणी व्यावसायिक पदवी मिळू शकते, हे पाथरीकरांना प्रथम या संस्थेमुळे दिसले. पुढे परभणी, सेलू, गंगाखेड आणि खुद्द पाथरीतही वरिष्ठ महाविद्यालये आली.

संस्थांची संख्या वाढली तरी जागांची वाटणी हा राजकीय प्रश्न राहिला. संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारात तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश विभागांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे आश्वासन होते. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनामागे हीच भावना होती की, हा शब्द पाळला गेला नाही. पुढे वैद्यकीय प्रवेशांसाठी 70:30 चे सूत्र आले. विभागातील महाविद्यालयांच्या 70 टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या 30 टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना, असा तो नियम होता. हेतू स्थानिकांच्या हिताचा होता, पण मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयेच थोडी असल्याने परिणाम उलट झाला. येथील विद्यार्थ्याला चांगले गुण असूनही जागा हुकत होती, आणि तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागातील विद्यार्थ्याला ती मिळत होती. अनेक वर्षांच्या मागणीनंतर सप्टेंबर 2020 मध्ये हे सूत्र रद्द झाले.

अभियांत्रिकीत 'होम युनिव्हर्सिटी' हा असाच निकष आहे. ज्या महाविद्यालयांना तो लागू होतो, तेथील बहुसंख्य जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. ज्या औरंगाबादला पाथरीचा विद्यार्थी इतकी वर्षे आपले विद्यापीठ मानत होता, तेथे तो आता बाहेरचा ठरू लागला.

गुणांचे गणितही या काळात बदलले. 1975 नंतर दहावी-बारावीची रचना आली आणि बारावीतील विज्ञान-गणित विषयांच्या 'ग्रुप'चे गुण वैद्यकीय व अभियांत्रिकीचे दार उघडू लागले. एकेका गुणावर प्रवेश ठरू लागल्याने लातूरची कनिष्ठ महाविद्यालये काटेकोर सरावासाठी प्रसिद्ध झाली, आणि परभणी जिल्ह्यातून मुले दहावीनंतर लातूर-नांदेडला राहायला जाऊ लागली. 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. मधल्या गुणांच्या विद्यार्थ्याला जागा उपलब्ध झाली, पण डोनेशनच्या रूपाने किंमतही मोजावी लागली. 1987 साली राज्याने कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला, तर 1993 च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशांना गुणवत्तेची चौकट घातली. त्यानंतर सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या (कॅप) रुळल्या. 2017 पासून राज्यातील सर्व वैद्यकीय प्रवेशांसाठी 'नीट' सक्तीची झाली.

कॅप फेऱ्यांमुळे निवडीची जबाबदारी प्रथमच पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हाती आली. गुणवत्ता यादीतील क्रमानुसार प्रत्येकाचा विकल्प अर्ज वाचला जातो आणि त्याने लिहिलेल्या क्रमातील पहिली रिकामी जागा त्याला मिळते. या पद्धतीत एखादे अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. म्हणून अर्ज खऱ्या पसंतीच्या क्रमानेच भरणे हिताचे असते. फक्त अर्ज लांब हवा. मागील वर्षीच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ आपल्या पर्सेंटाइलच्या थोडा वर असलेली काही महाविद्यालये, आपल्या आसपासची बरीच, आणि नक्की मिळतील अशी दोन-चार, अशी बांधणी मधल्या फळीच्या विद्यार्थ्याला वाचवते. कटऑफ पाहताना स्वतःचा प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटीचा रकाना आणि शाखा जुळवून पाहावी लागते. खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून खचलेला विद्यार्थी आपल्याला मिळू शकणारी जागा स्वतःच सोडून देतो. अभियांत्रिकीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारणे बंधनकारक असते. 2025 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हा नियम लागू झाला. त्यामुळे वरच्या ओळी भरताना शुल्क, वसतिगृह आणि शाखा यांचा विचार घरात आधीच व्हायला हवा.

परभणीला 2023 साली 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पाथरीच्या विद्यार्थ्याच्या विकल्प अर्जात स्वतःच्या जिल्ह्याचे नाव आले. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात दहापर्यंत महाविद्यालये लिहिता येत असल्याने पसंतीक्रम लावण्याची वेळ आता पंधरा-सोळा वर्षांच्या वयातच येते. मराठवाड्याने संस्था आणि जागा यांसाठी दीर्घ झगडा दिला. त्यातून आलेले पर्याय मधल्या गुणांच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायचे, तर अर्ज वाचण्याचे आणि भरण्याचे ज्ञान गावोगावच्या शाळांतून दहावीच्या वर्गातच मिळायला हवे.