नामदार गोखल्यांची तालीम

शतकारंभी काँग्रेसचे अधिवेशन नाताळच्या सुटीत भरे आणि बहुतेक पुढारी मग आपापल्या व्यवसायाकडे परतत. राष्ट्रकार्याला आयुष्य वाहणारी माणसे आधी घडवावी लागतील, हे नामदार गोखल्यांनी ओळखले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. प्रवेश घेणाऱ्यास सात प्रतिज्ञा आणि पाच वर्षांचे शिक्षण. देश प्रथम; निर्वाहापुरत्या वेतनात समाधान; कोणाशीही वैयक्तिक भांडण नाही. सेमिनरीत घडलेल्या आम्हांला ही रीत परकी वाटत नाही. भांडणाची प्रतिज्ञा मात्र आमच्याकडेही जडच जाते!

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. धुरा श्रीनिवास शास्त्रींकडे आली. गांधीजींना समाजात यायचे होते. सभासदांत मतभेद झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच अर्ज मागे घेतला. घडवलेली माणसे साच्याबाहेरच्या माणसाला बिचकतात, असे आम्हांस वाटते. तरीही तालीम वाया गेली नाही. १९०९ मध्ये आलेले ना. म. जोशी १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत अग्रभागी होते. १९१४ मध्ये आलेल्या ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्लांसाठी भील सेवा मंडळ काढले.