एका अकादमीची पाने : मृदंगाच्या शाईपासून पंचरत्नम यांच्या त्रिकोणापर्यंत

जुलै १९३४ मध्ये बंगळूरहून एका नव्या शास्त्रीय नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. भारतीय विज्ञान अकादमीचे हे प्रकाशन. त्याचे नाव साधेच होते : ‘प्रोसीडिंग्ज’, म्हणजे कार्यवृत्त. पहिल्याच खंडात सी. व्ही. रामन यांचे दोन लेख आहेत, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एका लेखात पक्ष्यांच्या पिसांना रंग कसा येतो याचा शोध आहे. आपल्याकडच्या नीलपंख पक्ष्याचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेचा आणि प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम असतो. दुसऱ्या लेखाचा विषय भारतीय चर्मवाद्ये हा आहे. साध्या गोल पडद्याचे अधिस्वर परस्परांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, त्यामुळे ढोलाचा आवाज सुरेल लागत नाही. मृदंग आणि तबला यांच्या पुडीवर मधोमध चढवलेली शाई पडद्याचे वजन अशा रीतीने वाटून देते की, त्याच्या पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून पाच सुसंवादी स्वर निर्माण होतात. वाद्य घडवणाऱ्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जे ठाऊक होते, त्याचे गणित येथे मांडले गेले.

या दोन लेखांवरूनच त्या नियतकालिकाचा पैस लक्षात येतो. पण मुळात असे नियतकालिक काढावे, असे का वाटले? भारतीय शास्त्रज्ञांचे उत्तम काम त्या काळी बहुतेक इंग्लंड-जर्मनीच्या मासिकांत छापले जाई. रामन यांचे मत असे की, देशातील संशोधनाचा पाया प्रयोगशाळांत घातला जातो हे खरे. पण त्यावरची इमारत देशाच्या स्वतःच्या नियतकालिकांनी उभी राहते. त्यांनी स्वतः हे आचरूनही दाखवले होते. १९२८ मध्ये ज्या शोधासाठी त्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे सविस्तर निवेदन त्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्येच प्रसिद्ध केले.

अकादमीचा जन्म मात्र एकमताने झाला नाही. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात अध्यक्ष मेघनाद साहा यांनी अखिल भारतीय अकादमीची गरज मांडली. तिचे स्वरूप कसे असावे यावर तीव्र मतभेद झाले आणि रामन यांनी बंगळूरला स्वतंत्र अकादमी स्थापन केली. ३१ जुलै १९३४ रोजी तिचे उद्‌घाटन झाले, तेव्हा तिचे ६५ संस्थापक फेलो होते. अलाहाबादची अकादमी साहा यांच्या पुढाकाराने १९३० मध्येच सुरू झाली होती. १९३५ च्या आरंभी कलकत्त्यात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली. तिलाच १९७० पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणतात. एका देशाला अशा रीतीने तीन अकादम्या मिळाल्या, आणि त्या तिन्ही आजही कार्यरत आहेत.

बंगळूरच्या नियतकालिकाचे पुढे दोन विभाग झाले. ‘अ’ विभागात भौतिकी, रसायन आणि गणित, तर ‘ब’ विभागात जीवशास्त्र. एका बाजूला वाल्टेअरहून टी. आर. शेषाद्री आणि त्यांचे सहकारी कापसाच्या फुलांतील रंगद्रव्यांचे पृथक्करण पाठवीत होते. दुसऱ्या बाजूला एस. एस. पिल्लई यांनी १९४० मध्ये संख्याशास्त्रातील वॉरिंगच्या प्रश्नाचा एक भाग सोडवला : कोणतीही धन पूर्ण संख्या जास्तीत जास्त ७३ सहाव्या घातांच्या बेरजेने लिहिता येते. ‘ब’ विभागात सपुष्प वनस्पतींचा भ्रूणविकास, बुरशी, मासे, कीटक हे विषय होते.

याच पानांवर १९३५-३६ मध्ये रामन आणि नागेंद्र नाथ यांची लेखमाला आली. द्रवातून उच्च वारंवारितेचा ध्वनी जात असताना त्यातून प्रकाश सोडला, तर प्रकाशाचे अनेक फाटे होतात, हे अमेरिका आणि फ्रान्समधील संशोधकांनी १९३२ मध्ये पाहिले होते. फाटे इतके का होतात आणि त्यांची तीव्रता कशी बदलते, याचे उत्तर बंगळूरहून मिळाले. ध्वनीलहरीमुळे द्रवाचा अपवर्तनांक जागोजागी कमी-अधिक होतो आणि द्रव प्रकाशासाठी जणू जाळीसारखा वागतो. लेसर किरणांचे नियंत्रण करणाऱ्या आजच्या उपकरणांच्या पाठ्यपुस्तकांत ‘रामन-नाथ’ हे नाव यावाचून राहत नाही.

अॅना मणी यांची कथा वेगळी आहे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणिक यांच्या प्रतिदीप्तीचा अभ्यास केला. एकेका वर्णपटाचे छायाचित्र मिळवण्यासाठी पंधरा-वीस तास काच उघडी ठेवावी लागे. या कामावर त्यांचे एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. तरीही एम.एस्सी. पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. पुढे त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि भारतीय बनावटीच्या हवामान उपकरणांचा पाया त्यांनी घातला. विद्यापीठाने नाकारलेली पदवी त्यांना कधी मिळाली नाही. अकादमीच्या खंडांतील निबंध मात्र त्यांच्या नावाने राहिले आहेत.

या खंडांत सारेच सोने आहे, असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयी रामन यांचा माक्स बोर्न यांच्याशी दीर्घ वाद झाला. स्फटिकाची कंपने मोजक्या, सुट्या वारंवारितांचीच असतात, असा आग्रह रामन यांनी धरला आणि आपले निबंध याच नियतकालिकातून एकामागून एक छापले. पुढील पुराव्याने बोर्न यांचीच बाजू बरोबर ठरली. अध्यक्ष तेच आणि लेखकही तेच. अशा घरी त्यांना अडवणार कोण? स्वतःचे व्यासपीठ असण्याचा लाभ जितका खरा, तितका हा धोकाही खरा.

आता १९५६ सालाकडे वळू. शिवरामकृष्णन पंचरत्नम या बावीस वर्षांच्या संशोधकाने व्यतिकरणाच्या व्यापक सिद्धांतावर एक निबंध लिहिला. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या तीन अवस्था घ्या. पहिली दुसरीशी समकला आहे, दुसरी तिसरीशी समकला आहे. मग तिसरी पहिलीशी समकला असायला हवी, असे आपल्याला सहज वाटते. पंचरत्नम यांनी दाखवले की, तसे असेलच असे नाही. या तीन अवस्था एका गोलावरील तीन बिंदू मानून त्यांचा त्रिकोण काढला, तर उरणारा कलाफरक त्या त्रिकोणाने गोलाच्या केंद्राशी केलेल्या घनकोनाच्या निम्मा असतो. केवळ भूमितीतून निर्माण होणारी ही कला होती. निबंध अकादमीच्या नियतकालिकात छापून आला आणि जवळजवळ तीस वर्षे जगाच्या नजरेआड राहिला. १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पंचरत्नम यांचे निधन झाले.

१९८४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत अशीच भौमितिक कला मांडली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. त्यानंतर १९८६ मध्ये एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी ‘करंट सायन्स’मध्ये निदर्शनास आणून दिले की, हीच कल्पना प्रकाशाच्या संदर्भात पंचरत्नम यांनी आधीच मांडली होती. बेरी यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि पुढच्याच वर्षी त्या जुन्या निबंधावर स्वतंत्र लेख लिहिला. आज ‘पंचरत्नम-बेरी कला’ वापरून सपाट भिंगे तयार केली जातात.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावायला हवा. निबंध देशी नियतकालिकात आला म्हणून दुर्लक्षित राहिला, असे म्हणणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण तो पुन्हा उजेडात आला, कारण बंगळूरमध्ये तो वाचलेली माणसे होती. नियतकालिक छापले की त्याचे काम अर्धेच होते. उरलेले अर्धे काम वाचकांचे असते.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी निवर्तले, तोपर्यंत तेच अकादमीचे अध्यक्ष होते. अकादमीची नियतकालिके मरू देऊ नका, असे त्यांनी अखेरच्या दिवसांत सांगितल्याचे नमूद आहे. पुढे रामशेषन यांच्या पुढाकाराने एका कार्यवृत्ताच्या जागी विषयवार नियतकालिके आली. १९७३ मध्ये भौतिकीचे ‘प्रमाण’ निघाले. नंतर जीवशास्त्र, पदार्थविज्ञान, खगोलशास्त्र आणि अभियांत्रिकी यांची स्वतंत्र नियतकालिके सुरू झाली. बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासोबत भारतात आले होते. मध्यंतरी ते बंद पडले. १९८५ मध्ये अकादमीने ते पुन्हा सुरू केले. जानेवारी १९९६ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘रेझोनन्स’ निघते. विभागणीमुळे प्रत्येक शाखेला नेमका वाचक मिळाला. मात्र मृदंग, कापसाचे फूल आणि अंकगणित एकाच मुखपृष्ठाखाली भेटण्याचे दिवस संपले.

संशोधनाचे मोल आज बहुधा दोन-तीन वर्षांत मिळालेल्या उद्धरणांवरून ठरवले जाते. या मापाने पंचरत्नम यांचा निबंध १९५९ मध्ये अनुत्तीर्ण ठरला असता. आपल्या विद्यार्थ्यांनी कोठे छापावे याची चर्चा आपण सतत करतो. आपल्याच देशात काय छापले आहे, ते त्यांनी वाचावे असे फारसे सांगत नाही. अकादमीचे जुने खंड तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या विषयाचा एखादा खंड उघडा आणि त्यातला एक तरी निबंध शेवटपर्यंत वाचा. १९५६ च्या त्या निबंधाला वाचक मिळायला तीस वर्षे लागली. असे आणखी किती निबंध वाचकाची वाट पाहत आहेत, हे ते वाचल्याशिवाय कळणार नाही.

#विज्ञानाचा_इतिहास #भारतीय_विज्ञान