तासाचा दर: कॉम्प्युटरची ताकद भाड्याने कशी मिळायला लागली?

आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे आणि लढाया नाहीत. आजची गोष्ट भाड्याची आहे.

मी बीड जिल्ह्यातला. भाडं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. शेततळं खोदायचं तर जेसीबी तासावर बोलवायचा, रोटाव्हेटर मारायचा तर ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं. दोन एकरवाला काही जेसीबी विकत घेत नाही. हाच हिशोब जगातल्या महागड्या चिप्सना कसा लागू झाला, ते आज बघू.

सुरुवात १९६१ ची. अमेरिकेत एमआयटीमधल्या एका भाषणात जॉन मॅकार्थी म्हणाले की टेलिफोनसारखी कॉम्प्युटरचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकते. मशीन एक, वापरणारे अनेक, आणि ज्यानं जेवढं वापरलं तेवढे त्यानं पैसे द्यायचे. कल्पना सोपी होती, पण ती घराघरात पोचायला चाळीस-पन्नास वर्षं गेली.

मधल्या काळात ताकदवान मशीन ज्याच्या हातात, त्याचाच शब्द चालायचा. हे भारतानं अनुभवलंय. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. मिळाला, पण हवा होता त्यापेक्षा लहान, आणि वर कडक अटी. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर त्याचे प्रमुख. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातली युक्ती लक्षात ठेवा: एक महाकाय प्रोसेसर नाही, तर अनेक छोटे प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावायचे.

जीपीयूची युक्तीही याच जातीची. ही चिप मुळात गेमसाठी. स्क्रीनवरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकदम ठरवायचे, म्हणून हजारो छोटी गणितं सोबत करायची. १९९९ मध्ये एनव्हिडियानं ‘जीफोर्स २५६’ आणली आणि जीपीयू हा शब्द रुळला. २००७ मध्ये ‘कुडा’ आलं आणि त्याच चिपवर गेम सोडून दुसरी गणितं करणं सोपं झालं. २०१२ मध्ये टोरांटोच्या तिघा संशोधकांनी गेमिंगची फक्त दोन कार्डं वापरून फोटो ओळखणारं मॉडेल शिकवलं आणि स्पर्धा जिंकली. त्यानंतर जगभर जीपीयूसाठी रांग लागली.

भाड्याचं दुकान मात्र त्याआधीच उघडलं होतं. ॲमेझॉननं २००६ मध्ये तासाला १० सेंट दरानं साधे सर्व्हर द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यात जीपीयूवाली मशीन आली, तासाला २ डॉलर १० सेंट. क्रेसाठी अख्ख्या देशाला वाट बघावी लागली होती. आता क्रेडिट कार्ड असलं की काम भागायला लागलं.

आता आपल्याकडं या. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १०,३७१ कोटींच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी पोर्टल सुरू झालं. तिथं विद्यार्थी, संशोधक, स्टार्टअप अर्ज करून सवलतीत जीपीयू मागू शकतात. सरकारनं सांगितलेला सरासरी दर तासाला सुमारे ६५ रुपये.

६५ रुपये स्वस्त वाटतात ना? थोडं गणित करू. आठ जीपीयू चोवीस तास चालले तर १२,४८० रुपये. शुक्रवारी संध्याकाळी एकच जीपीयू बंद करायचा राहिला आणि सोमवारी सकाळी, साठ तासांनी आठवण झाली, तर ३,९०० रुपये. जेसीबी बांधावर नुसता उभा राहिला तर ड्रायव्हर विचारतो, “दादा, काय करू?” इथं कुणी विचारत नाही. काम चालू असो नसो, मशीन चालू म्हणजे मीटर चालू. मशीन बंद केलं तरी साठवलेल्या डेटाचं भाडं वेगळं चालूच राहतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही बीडच्या माणसाला लगेच कळेल. अनेक क्लाउड कंपन्या नव्या ग्राहकाला सुरुवातीला फुकट क्रेडिट देतात. मला ते बघून उचल आठवते. आपल्याकडं मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात, आणि हंगामात ती फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं. दोन्हीची बरोबरी नाही करता येणार; तिथं माणसाचं शरीर झिजतं, इथं फक्त बिल येतं. पण बांधून घेण्याची रीत ओळखीची आहे. क्रेडिट संपतं तोपर्यंत तुमचा डेटा, तुमचं सगळं काम त्यांच्याच पद्धतीनं रचलेलं असतं. बाहेर पडायचं म्हटलं तर डेटा काढून न्यायचेही बऱ्याच ठिकाणी पैसे.

म्हणून मला वाटतं, फक्त तासाचा दर विचारू नका. निघायचा दरही विचारा. खर्चाची मर्यादा आधीच लावा, काम झालं की मशीन बंद करा, आणि कोडची एक प्रत स्वतःकडं ठेवा.

आणि भाड्याला कमीपणा मानू नका. आपल्या बोलीतलं मराठी ओळखणारं ॲप उद्या केज-धारूरच्या पोरापोरींना करायचं असेल, तर कोट्यवधींचं मशीन घ्यावं लागणार नाही. १९८८ साली अख्ख्या देशाला हे जमत नव्हतं. आज जमतं, फक्त मीटरवर आपली नजर पाहिजे.

तुमच्या गावात कोणती गोष्ट तासावर मिळते? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!