‘टायटल नाइन’ : सदतीस शब्दांचा कायदा

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत मुलींच्या खेळावरून वाद निघाला, की ‘टायटल नाइन’ हे नाव हमखास कानावर येते. त्यामुळे हा क्रीडाविषयक कायदा असावा, असा अनेकांचा समज होतो. मूळ तरतुदीत मात्र ‘क्रीडा’ हा शब्दही नाही. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ जून १९७२ रोजी शिक्षण दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नववे प्रकरण म्हणजे टायटल नाइन. त्याचे मुख्य वाक्य मूळ इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या कारणावरून कोणाला सहभाग वा लाभ नाकारता येणार नाही आणि भेदभावही करता येणार नाही, असा त्याचा आशय.

या तरतुदीची गरज एका उणिवेतून निर्माण झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली होती; त्या यादीत लिंग नव्हते. (आपल्या राज्यघटनेच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. अनुच्छेद १५ राज्यसंस्थेला लिंगभेदास मनाई करतो. पण अनुदानित संस्थांतील प्रवेशाविषयीच्या अनुच्छेद २९(२) मध्ये धर्म, वंश, जात व भाषा यांचा उल्लेख आहे, लिंगाचा नाही.) परिणामी अमेरिकेतील वैद्यकीय व विधी महाविद्यालये मुलींचे प्रवेश उघडपणे मर्यादित ठेवू शकत. हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक यांना स्त्री असल्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. त्या वकील झाल्या, पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. ओरेगॉनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन व इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांच्यासमवेत त्यांनी ही तरतूद मंजूर करून घेतली. मिंक यांच्या निधनानंतर २००२ मध्ये कायद्याला त्यांचे नाव देण्यात आले.

खेळ कसा आला?

संघ चालवणे हा शाळेचाच उपक्रम असल्याने खेळही कायद्याच्या कक्षेत येणार, हे लवकरच स्पष्ट झाले. धास्तावलेल्या क्रीडा संघटनांनी हालचाल सुरू केली. उत्पन्न देणारे खेळ वगळावेत, अशी दुरुस्ती टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये मांडली. ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियमावली आली. पण कागदावरचा नियम आणि मैदान यांतील अंतर येल विद्यापीठात ३ मार्च १९७६ रोजी दिसले. वल्हवण्याच्या सरावानंतर पुरुष संघ गरम पाण्याने स्नान करी आणि महिला संघ ओल्या कपड्यांत बसमध्ये कुडकुडत थांबे. १९ खेळाडू अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेल्या, अंगावरील कपडे उतरवले आणि पाठीवर लिहिलेले ‘टायटल नाइन’ दाखवले. बातमी देशभर गेली, त्यानंतर स्नानगृहाची सोय झाली.

समानता मोजायची कशी, याचे उत्तर १९७९ च्या सरकारी खुलाशात मिळते. खेळाडूंमधील मुलींचे प्रमाण विद्यार्थिसंख्येतील त्यांच्या प्रमाणाजवळ असावे. किंवा संस्थेने मुलींच्या संधी सातत्याने वाढवलेल्या असाव्यात. किंवा मुलींची आवड व क्षमता यांना पुरेपूर वाव दिलेला असावा. तिन्हींपैकी एक निकष पूर्ण झाला तरी चालतो. दोन्ही बाजूंवर सारखाच पैसा खर्च झाला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही; मात्र शिष्यवृत्त्या खेळाडूंच्या प्रमाणात वाटाव्या लागतात.

मुलींना खेळात रसच कमी, हा युक्तिवाद ब्राऊन विद्यापीठाने न्यायालयात करून पाहिला. १९९१ मध्ये त्याने मुलींच्या जिम्नॅस्टिक्स व व्हॉलीबॉल संघांचा निधी काढून घेतला होता. संधी मिळाल्यावरच आवड वाढते, अशा आशयाचा निवाडा देत अपील न्यायालयाने १९९६ मध्ये विद्यापीठाचे म्हणणे फेटाळले.

आकडे काय सांगतात? १९७१-७२ मध्ये माध्यमिक शाळांच्या संघांत सुमारे २ लाख ९४ हजार मुली होत्या. २०१८-१९ मध्ये त्या ३४ लाखांवर गेल्या. तरीही हा आकडा १९७१-७२ च्या मुलांच्या संख्येपेक्षा, म्हणजे सुमारे ३६ लाख ६७ हजारांपेक्षा, कमीच आहे.

टीकाही आहे. प्रमाण जुळवण्यासाठी काही महाविद्यालयांनी पुरुषांचे कुस्तीसारखे संघ बंद केले. दोष कायद्याला दिला जातो. पण अमेरिकी फुटबॉलच्या एकेका संघात शंभराच्या आसपास खेळाडू असतात आणि त्याला सहसा कोणी हात लावत नाही, हेही विसरता येणार नाही. दुसरा परिणाम अनपेक्षित होता. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिला संघांचे ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक महिला होत्या. पगार वाढले तसे पुरुष आले आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले.

तक्रार कोण करू शकते?

थेट न्यायालयात जाण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये, तर नुकसानभरपाईचा १९९२ मध्ये मान्य केला. मधल्या काळात, १९८४ च्या निकालाने कायद्याची व्याप्ती केवळ मदत मिळणाऱ्या विभागापुरती आक्रसली होती. अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने १९८८ मध्ये ती पूर्ववत केली. अलाबामातील रॉडरिक जॅक्सन यांनी मुलींच्या बास्केटबॉल संघाला मिळणाऱ्या दुय्यम सुविधांविषयी तक्रार केली आणि त्यांचे प्रशिक्षकपद गेले. २००५ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की तक्रारदारावर सूड उगवणे हाही लिंगभेदच होय. जॅक्सन पुरुष असल्याने त्यांचा हक्क कमी होत नाही.

तृतीयपंथी खेळाडूंच्या सहभागाचा वाद सध्या सर्वाधिक तीव्र आहे. मुलींच्या संघांत त्यांना घेणाऱ्या संस्थांचा निधी रोखण्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला. याविषयीच्या राज्यांच्या कायद्यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सुनावणीस घेतली. मात्र गावातल्या शाळेतील मुलींना सरावासाठी मैदान मिळत नसेल, तर पालकांचा मार्ग जुनाच आहे : शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मार्च २०२५ च्या नोकरकपातीत या कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्याचा निर्णय झाला.