मुंबईचा शेअर मॅनिया: बातमी होती, पडताळणी नव्हती

आजचा विषय आहे व्यापारासाठी माहिती कशी मिळवायची आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा. नुसते नियम सांगत बसलो तर ते घरी जाईपर्यंत विसरले जातील, म्हणून मी तुम्हाला १८६१ ते १८६५ या काळातल्या मुंबईत नेणार आहे. माहितीची किंमत या शहराला तेव्हा कळली आणि ती फार महाग पडली.

आधी पार्श्वभूमी बघू. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी साधारण पाचातले चार भाग अमेरिकेतून येत होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. मग लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले. भडोच, धोलेरा, धारवाड, अमरावती, हिंगणघाट इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६४ पर्यंत लिव्हरपूलमधले भाव युद्धाआधीच्या चौपटीपर्यंत चढले. त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. सगळीकडून माणसं इथे धावत आली होती.

आता मुद्द्याकडे येऊ. या धंद्यात सर्वांत मोलाची माहिती कोणती? तर लिव्हरपूलचा भाव. तो टपालाच्या बोटीने यायचा आणि इजिप्तमार्गे त्याला जवळजवळ एक महिना लागायचा. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे दलाल. येणाऱ्या बोटीला बाहेर समुद्रातच गाठायला ते आपल्या होड्या पाठवत आणि भाव इतरांच्या आधी मिळवत, असं सांगितलं जातं. गोष्ट थोडी फुगवलेली असेलही, पण तिच्यामागचं तत्त्व खरं आहे. बातमी काही तास आधी हातात आली की पैसा होतो. १८६५ च्या सुरुवातीला इराणच्या आखातातून तारही सुरू झाली. तुर्की मुलखातून येणारे संदेश बऱ्याचदा उशिरा आणि चुकीच्या अक्षरांत पोचायचे, पण वेग वाढला होता.

म्हणजे बघा, मुंबईत माहितीचा दुष्काळ नव्हता. १८३६ साली स्थापन झालेलं चेंबर ऑफ कॉमर्स होतं, वर्तमानपत्रं होती. कापसाच्या लागवडीवरच्या सरकारी कागदपत्रांतून वॉल्टर कॅसल्स यांनी तयार केलेलं जाडजूड पुस्तक १८६२ मध्ये मुंबईतच छापलं गेलं होतं. मालाचीही तपासणी होऊ लागली होती. चढ्या भावाच्या लोभाने लोक गासड्यांत सरकी, माती आणि पाणी मिसळत, म्हणून १८६३ मध्ये सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. गंमत अशी की गासडी फोडून बघायचं शहाणपण लोकांना सुचलं, पण शेअर फोडून बघायचं सुचलं नाही.

कापसातून आलेला पैसा शेअर्समध्ये वळला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. त्यात बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. तिच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या आसपास गेला. समुद्र प्रत्यक्षात किती बुजला होता, हे किनाऱ्यावर जाऊन कुणालाही बघता आलं असतं. पण लोक बघत होते ते भावाकडे.

आता ही साखळी नीट बघा, कारण आजच्या व्याख्यानाचं सार हिच्यात आहे. गुंतवणूकदाराला विचारलं, "हा शेअर चांगला कशावरून?" तर तो म्हणणार, बँक ऑफ बॉम्बे त्याच्या तारणावर कर्ज देते. १८६३ च्या कायद्याने बँकेला तशी मोकळीक मिळालीच होती. बँकेला विचारलं, "तुम्ही कर्ज कशावरून देता?" तर प्रेमचंदशेठ शिफारस करतात आणि बाजारभाव चढा आहे. आणि भाव चढा का? तर बँकेच्या कर्जाच्या पैशाने लोक खरेदी करत होते म्हणून! वरवर पाहता तीन साक्षीदार आहेत: बाजार, बँक आणि दलाल. प्रत्यक्षात एकच आहे, तोच तीन आवाजांत बोलतो आहे.

धोक्याच्या खुणा नव्हत्या का? होत्या. १८६४ च्या शरदात तहाच्या नुसत्या अफवेने लिव्हरपूलचे भाव कोसळले होते. नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आले. युद्ध कधीतरी संपणार आणि अमेरिकन कापूस परत येणार, हे गुपित नव्हतंच. भाव "किती" आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो "कशामुळे" आहे आणि ते कारण किती दिवस टिकेल, हे विचारणारे थोडे होते.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि डोलारा हलला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे सौदे चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कोण कुणाचं देणं देणार हेच कळेना. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. बँक पुढे गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. ज्यांनी आयुष्याची पुंजी लावली होती, त्यांना आयोगाच्या अहवालाने काय मिळणार?

या काळाचा अभ्यास करायचा तर साधनंही पारखून घ्यावी लागतात. दिनशा वाच्छा यांनी या प्रकरणावर १९१० मध्ये पुस्तक लिहिलं. ते त्या वेळी मुंबईतच होते, तरुण होते. त्यांचं वर्णन जिवंत आहे, पण ते पंचेचाळीस वर्षांनंतरच्या आठवणीतून उतरलं आहे. आयोगापुढच्या साक्षी घटनेच्या जवळच्या आहेत, पण साक्ष देणाऱ्या अनेकांना स्वतःची कातडी वाचवायची होती. वर्तमानपत्रातला भाव त्या दिवसाचा असतो, मात्र त्यात कारण नसतं. म्हणून एकावर विसंबायचं नाही, तिन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

पुढे या शहराने धडा घेतला, निदान काही अंशी. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली, त्यातूनच आजचं मुंबई शेअर बाजार उभं राहिलं. १८७६ च्या कायद्याने प्रेसिडेन्सी बँकांच्या कर्ज देण्यावर बंधनं आली. आणि प्रेमचंदांनी भरभराटीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला. त्याच्या खाली ग्रंथालय आहे, हेही लक्षात ठेवा.

तेव्हा उद्या तुमच्या हातात एखादा अहवाल, एखादा आकडा किंवा मोबाइलवरची "पक्की खबर" आली, तर तीन प्रश्न विचारा. हे सांगणाऱ्याचा यात फायदा काय? दुजोरा देणारे खरंच वेगळे आहेत, की एकाचंच ऐकून बोलताहेत? आणि हा आकडा ज्या कारणावर उभा आहे, ते कारण उद्या नाहीसं झालं तर? १८६५ मध्ये हे विचारायला बोट लागत नव्हती आणि तारही लागत नव्हती. आजही लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.