हमामखान्यातली चित्रं

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं मूळ शोधत मागे गेलं, की आपण थेट एका न्हाणीघरात पोचतो. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने फॉन्तेनब्लोच्या वाड्यात तळमजल्यावर हमामखाना बांधून घेतला होता. डुंबायला हौद, घाम काढायला वाफेची खोली आणि मग अंग सैल सोडून पडायला ओळीने विश्रांतीच्या खोल्या. इटलीतून जमवलेली अस्सल चित्रं त्याने टांगली ती या खोल्यांत!

हा नाद त्याला लढाईपायी लागला. १५१५ साली गादीवर येताच त्याने इटलीत मारिन्यानोला विजय मिळवून मिलान घेतलं. इटलीची कला पाहून तो असा भारावला, की पुढे चित्रकारच उचलून आणले. १५१६ मध्ये म्हातारा लिओनार्दो आला आणि तीनच वर्षांत आंब्वाजला वारला. त्याची मोना लिसा पुढे राजाच्या संग्रहात जमा झाली. राफाएलची चित्रं नजराणा म्हणून आली. उरलेल्यांसाठी दलाल होते. त्यांतला बात्तिस्ता देल्ला पाल्ला फ्लॉरेन्समध्ये एका घरी शयनगृहातली पोन्तोर्मोची चित्रं मागायला गेला, तर घरच्या मार्गेरिताबाईंनी त्याला शिव्या हासडून वाटेला लावलं, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी लिहितो. खरं तर संग्राहकांच्या इतिहासात या बाईंना मानाचं पान हवं.

राजाला चित्रांची कदर नव्हती, असं मात्र नाही. राफाएलच्या चार मोठ्या चित्रांचं वार्निश धुऊनपुसून साफ केल्याबद्दल प्रिमातिच्चो या चित्रकाराला ११ लिव्र दिल्याची नोंद दरबारी हिशेबात आहे. पण लाकडी फळीवरची चित्रं वाफाळत्या, दमट न्हाणीघराशेजारी ठेवणं हा शुद्ध अविचारच. पुढे राजा चौथा आंरी याच्या काळात अस्सल चित्रं वरच्या दालनात गेली आणि हमामात नकला लागल्या. तरी १६२५ साली कास्सियानो दाल पोत्सो हा इटालियन विद्वान फॉन्तेनब्लोला आला, तेव्हा लिओनार्दोच्या ‘लेडा’ या चित्राच्या तीन फळ्यांचे सांधे सुटलेले त्याला दिसले. ते चित्र पुढे नाहीसंच झालं.

बाकीचा ठेवा वाढत राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ च्या जानेवारीत, राजा सोळाव्या लुईचं शिर उडवलं गेलं आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला राजांचा हा संग्रह लूव्रमध्ये जनतेसाठी खुला झाला. फॉन्तेनब्लोचा हमामखाना त्याआधीच, १६९७ मध्ये, पाडला गेला होता.