अजिंठ्याची चित्रशाळा आणि साक्रीची मुले

साक्री परिसरातील अनेक घरांतून आठवी-नववीची मुले चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ परीक्षेला बसतात व पुढे ‘इंटरमिजिएट’ देतात. राज्याच्या कला संचालनालयातर्फे होणाऱ्या या परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात. ते पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. कला ही गुणांपुरतीच का, असा प्रश्न ज्या पालकांना पडत असेल, त्यांच्यासाठी आम्ही खानदेशाच्या उंबरठ्यावर घडलेला थोडा इतिहास मांडीत आहोत.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेण्यास आरंभ केला. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरील त्या लेण्यांच्या अंधारात या तरुणांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८८५ पर्यंत हे काम चालले. तत्पूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्याही कित्येक प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. कापडावरचे रंग गेले, परंतु हातांनी आणि डोळ्यांनी जे कमावले ते अग्नीला गिळता आले नाही. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार याच कार्यात घडले.

पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा अजिंठ्याच्या प्रतिकृती करविल्या. त्यांच्या साह्यास आलेल्या बंगाली तरुणांत नंदलाल बोस होते. येथे पाहिलेली रेषा त्यांनी शांतिनिकेतनात आपल्या शिष्यांच्या हाती दिली. त्या शिष्यांपैकी एक होते गोव्याच्या सांत इस्तेव्ह गावचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७).

फोन्सेका यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले. जे. जे. मधील पाश्चात्य वळणाच्या अभ्यासातही त्यांचे मन रमले नाही. शांतिनिकेतनाहून परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली मरियामाता रंगविली आणि गोव्यातील काही धर्मगुरूंचा व श्रद्धावंतांचा रोष पत्करला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला, तर मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी उत्तेजन. ज्यांच्यावर एकेकाळी टीका झाली, ती चित्रे आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जतन केली आहेत.

या परंपरेतून शाळेने काय घ्यावे? एक, समोर खरी वस्तू हवी. दोन, काम पुष्कळांनी मिळून व सवडीने करावे. तीन, प्रतिकृती ही पहिली पायरी आहे. तिच्यावरून मुलाने आपल्या मातीत उतरले पाहिजे.

साक्री तालुक्यात त्यासाठी दूर जावे लागत नाही. बळसाण्याची कोरीव दगडी मंदिरे आहेत, भामेरचा किल्ला आणि त्यातील लेणी आहेत. इतिहास व चित्रकला शिकविणाऱ्या शिक्षकांनी मिळून वर्ग तेथे न्यावा. प्रत्येकाने एखादाच खांब वा एकच नक्षी निवडावी, मापे घेऊन काढावी, मग मातीत घडवावी. सर्व तुकडे शाळेच्या भिंतीवर जोडले की गावाचा इतिहास मुलांच्याच हातून उभा राहील. कानबाईच्या उत्सवाची किंवा डोंगऱ्या देवाची हकिकत आजीकडून ऐकून ती रंगविणे, हाही तसाच पाठ होय. आपल्या घरची मुले नाताळचा गोठा करतात. त्यास धाब्याच्या घराचे रूप का देऊ नये?

सौंदर्य नेहमी दुसऱ्यांच्या गावी असते, असे ज्या मुलाच्या मनावर ठसते, ते आपल्या आईच्या बोलीचीही लाज धरू लागते. हा तोटा कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणून पालकहो, परीक्षा अवश्य देऊ द्या. मात्र निकालानंतर रंगपेटी माळ्यावर ठेवू नका.